डाउनड्राफ्ट कसा ओळखावा आणि कसा नोंदवावा: हवामान निरीक्षणाला नव्याने लागलेल्यांसाठी

हवामानाची आवड लागली की पहिल्याच उन्हाळ्यात ‘डाउनड्राफ्ट’ हा शब्द चहूकडून कानावर येऊ लागतो. वैमानिक तो एका अर्थाने वापरतात, पॅराग्लायडिंग शिकवणारे दुसऱ्या अर्थाने, आणि वादळाने झाडे पडली की बातम्यांत तो ढगफुटी, चक्रीवादळ अशा शब्दांच्या गर्दीत कुठेतरी हरवतो. पुण्याच्या पूर्वेकडील पठारी भागात मी घरूनच वळिवाची निरीक्षणे घेतो. सुरुवातीला मला ज्या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी शोधाव्या लागल्या, त्या नवीन माणसाला एका जागी मिळाव्यात म्हणून हा लेख लिहीत आहे. यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वळिवाच्या ढगातून खाली येणारी हवा पावसाच्या सरीच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते, आणि पत्रे, फलक, मांडव व जुनी झाडे बहुतेक वेळा तिच्यामुळेच पडतात. ती येत आहे हे ओळखता आले, तर सावरायला थोडी मिनिटे हाती राहतात.

१. आधी शब्दाचा अर्थ पक्का करा

डाउनड्राफ्ट म्हणजे वरून खाली येणारा हवेचा प्रवाह. मराठी पुस्तकांत त्याला अधोगामी प्रवाह म्हणतात आणि ढगाला वाढवणाऱ्या वरच्या दिशेच्या प्रवाहाला ऊर्ध्वगामी प्रवाह. गडगडाटी वादळाच्या ढगात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी असतात, आणि खाली येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो.

ही हवा जमिनीला लागली की तिला आणखी खाली जायला वाव उरत नाही, म्हणून ती आडवी होऊन चहूबाजूंना पसरते. या पसरणाऱ्या वाऱ्याला आउटफ्लो आणि त्याच्या पुढच्या कडेला गस्ट फ्रंट म्हणतात. आपल्या अंगाला जो गार झोत लागतो तो बहुतेक वेळा आउटफ्लो असतो. डाउनड्राफ्ट त्यावेळी काही किलोमीटर दूर, पावसाच्या पडद्यात उतरत असतो. नोंदवहीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी लिहू नका, कारण अंतर आणि वेळ यांचा सगळा हिशोब त्या फरकावरच उभा आहे. खाली येणारा प्रवाह फार जोरकस असून जमिनीवर नुकसानकारक झोत पसरवत असेल, तर त्याला डाउनबर्स्ट म्हणतात. त्याचा पसारा चार किलोमीटरपेक्षा कमी असेल तर मायक्रोबर्स्ट, अधिक असेल तर मॅक्रोबर्स्ट.

हवा खाली येण्याचे इतरही प्रकार आहेत, पण ते वेगळे ठेवा. प्रतिआवर्तात, म्हणजे जास्त दाबाच्या विस्तीर्ण पट्ट्यात, हवा शेकडो किलोमीटरच्या क्षेत्रावर सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर वेगाने खाली बसत जाते. दाबली गेल्याने ती तापते व कोरडी होते, आणि महाराष्ट्रातील हिवाळ्याचे निरभ्र आकाश पुष्कळसे तिच्यामुळेच लाभते. रात्री डोंगरउतारावरून दरीत उतरणारे पर्वतीय वारे शाळेच्या भूगोलात आपण शिकलो आहोत; अंटार्क्टिकातले कॅटाबॅटिक वारे हे त्याच जातीचे, मात्र विक्राळ रूप. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणारे खाली खेचणाऱ्या हवेला ‘सिंक’ म्हणतात आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला होणाऱ्या घुसळणीला ‘रोटर’. या लेखात डाउनड्राफ्ट हा शब्द फक्त वळिवाच्या ढगापुरता वापरला आहे.

२. हवा खाली का येते, हे समजून घ्या

ही पायरी गाळून थेट ॲपकडे धावण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढच्या प्रत्येक नोंदीचा अर्थ इथूनच लागतो.

पहिले कारण म्हणजे ओझे. ढगात साठलेले थेंब व गारा पडू लागल्या की त्या आपल्यासोबत हवेलाही खाली ओढतात. दुसरे कारण आपल्याकडे अधिक प्रभावी ठरते, ते म्हणजे बाष्पीभवन. मे महिन्यात मराठवाड्यात किंवा दख्खनच्या पठारावर ढगाचा तळ बराच उंच असतो आणि त्याखालची हवा कोरडी असते. त्या कोरड्या हवेतून पडताना पावसाचे थेंब वाफ होत जातात, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आसपासच्या हवेतून घेतात. एक किलो हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर ती हवा साधारण अडीच अंशांनी थंड होते. थंड हवा जड होते आणि जड हवा खाली निघते.

इथे एक शंका रास्त आहे. कोरडी हवा खाली येताना दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. मग ही हवा खाली पोहोचेपर्यंत गार कशी राहते? थेंबांचे बाष्पीभवन वाटेत चालूच राहते आणि तापण्यातला बराचसा भाग भरून काढते, हे त्याचे उत्तर आहे. म्हणून भर दुपारी चाळीस अंशांच्या उकाड्यात अचानक अंगावर शहारा यावा असा वारा येतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण इथे कित्येक चौरस किलोमीटरवर काम करत असते.

यातून एक निष्कर्ष निघतो, आणि नवशिक्याला तो सहसा उलटा वाटतो. पाऊस जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही, तरीही वारा भयंकर असू शकतो. ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झिरमिळ्या दिसतात, पण खाली थेंब पडत नाही. अशा वेळी सगळे पाणी वाटेतच वाफ झालेले असते, म्हणजेच हवा भरपूर थंड झालेली असते. ‘नुसताच भपका आहे, पाऊस काही येत नाही’ असे म्हणून गाफील राहू नका.

३. साहित्य जमवा

खर्च फारसा नाही. एवढ्यावर सुरुवात होते:

- ओला आणि कोरडा अशी तापमापकांची जोडी. दोन साधे तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले तरी चालते.
- हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेला फोन आणि दाबाचा आलेख साठवणारे कोणतेही ॲप.
- खिडकीतून दिसेल अशा जागी बांधलेली सुती फीत, आणि खाली दिशा दाखवणारी खूण.
- तारीखवार नोंदवही. फोनमध्ये लिहिले तरी हरकत नाही, पण वेळ मिनिटांसह लिहा.
- भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप.

मलमलची पट्टी आठवड्याला बदला. पठारावरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले क्षार पट्टीत साठले की पाणी वर चढत नाही आणि ओला तापमापक हळूहळू कोरड्यासारखाच आकडा दाखवू लागतो. ही चूक लवकर लक्षात येत नाही. साधे नळाचे पाणी टाळून शुद्ध केलेले पाणी वापरले तर पट्टी जास्त टिकते.

दाबाचा सेन्सर घरात ठेवला तरी अडचण नाही, कारण बंद खोलीतला दाबही बाहेरच्या दाबासोबतच बदलतो. याचा मोठा फायदा म्हणजे वादळाच्या वेळी गच्चीवर जावे लागत नाही. वीज चमकत असताना गच्चीवर, मोकळ्या रानात किंवा बांबू रोवून बांधलेल्या फितीजवळ जाऊन निरीक्षण करू नका. ज्या नोंदीसाठी बाहेर पडावे लागते ती त्या दिवशी सोडून द्या.

४. दुपारी ढग वाढण्यापूर्वीच्या नोंदी

साधारण एक ते दोनच्या दरम्यान कोरडा आणि ओला, दोन्ही आकडे लिहून ठेवा. कोरडा ३९ आणि ओला २३ असेल, तर त्यांच्यातले सोळा अंशांचे अंतर हे हवा किती थंड होऊ शकते याचे ढोबळ माप आहे, कारण पावसाने गार झालेली खाली येणारी हवा ओल्या तापमापकाच्या आकड्याच्या आसपास उतरू शकते. जुलैमध्ये हेच अंतर दोन-तीन अंशांवर येते, आणि म्हणूनच मोसमी पावसाच्या मध्यात कितीही पाऊस पडला तरी वळिवासारखा सोसाटा सहसा सुटत नाही. कोकणात मे महिन्यातही हवा दमट असल्याने अंतर पठारापेक्षा कमी भरते. मोठे अंतर म्हणजे वादळ होणारच असे मात्र समजू नका. वादळ झालेच, तर वारा बोचरा आणि जोरदार असण्याची शक्यता ते अंतर सांगते, इतकेच.

दाबाचा दुपारचा कलही पाहून ठेवा. आपल्या अक्षांशांत दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. या वेळात तो तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. ही रोजची उतरण ओळखीची झाली नाही, तर पुढची सर्वांत मोलाची खूण तुमच्या नजरेतून सुटेल.

५. आकाश वाचताना

ऊर्ध्वगामी प्रवाह जोरात असेपर्यंत ढगाच्या माथ्याच्या कडा फुलकोबीसारख्या ठसठशीत दिसतात. माथा पसरून त्याची ऐरण झाली, कडा धूसर झाल्या आणि तळातून पावसाचा पडदा सुटला, म्हणजे डाउनड्राफ्ट सुरू झाला असे धरा. गडगडाटी वादळाच्या वाढीचा, भराचा आणि ओसरण्याचा असे तीन टप्पे १९४६–४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोवरील वादळांत विमाने पाठवून झालेल्या मोठ्या संशोधनातून पुढे आले. भराच्या टप्प्यात दोन्ही प्रवाह एकत्र नांदतात. पुढे खाली येणारी गार हवा जमिनीलगत पसरते, ढगाला मिळणारी गरम हवा तोडते आणि तो ढग संपतो.

यानंतर ढगापेक्षा क्षितिजाकडे पाहा. लांबच्या टेकड्यांखाली मातकट पट्टा उठलेला दिसला, तर ती गस्ट फ्रंटची धूळ आहे. कधी ढगाच्या पुढे फळीसारखा लांबट, बुटका, काळसर ढग सरकताना दिसतो. गार हवा पुढच्या गरम हवेखाली पाचरीसारखी घुसून तिला उचलते, त्यातून तो तयार होतो. तो डोक्यावरून जातो, तेव्हाच वारा फिरतो.

वावटळीशी याची गल्लत करू नका. निरभ्र आकाशात तापलेल्या माळावर जी धुळीची फिरकी उठते, तिच्यात हवा वर जात असते.

६. रडार आणि विमानतळाचे अहवाल

हवामान विभागाची डॉप्लर रडारे मुंबई, नागपूर, गोवा इथे आहेत आणि त्यांची चित्रे विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. ‘मॅक्स झेड’ नावाच्या चित्रात रंग जितका लालसर, तितके तिथले थेंब किंवा गारा मोठ्या वा दाट. एखादा लाल गाभा लागोपाठच्या चित्रांत झपाट्याने विरला, तर त्यातले पाणी खाली आले, आणि त्यासोबत हवाही आली, असा अंदाज बांधता येतो.

नवीन माणूस अडतो तो इथे: रडारवर डाउनड्राफ्ट दिसेल अशी अपेक्षा ठेवून. डॉप्लर रडारला हवा आपल्याकडे येते की दूर जाते एवढेच मोजता येते. सरळ खाली येणारी हवा त्याला थेट दिसत नाही. जमिनीलगत दोन्ही बाजूंना पसरणारा वारा दिसू शकतो, पण तो रडारच्या जवळ असेल तरच. अर्धा अंश कोनात सोडलेला किरण शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो, आणि आउटफ्लोचा उथळ थर त्याच्या खालून निघून जातो. त्यामुळे मुंबईच्या रडारवर लांबच्या पठारी भागात काही दिसले नाही, म्हणून तिथे वारा नव्हता असे लिहू नका.

विमानतळांचे मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाचे सांकेतिक अक्षरांतले नियमित अहवाल, फार उपयोगी आहेत. त्यांतला वाऱ्याचा गट नॉट्समध्ये असतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. आकड्यांमध्ये ‘जी’ हे अक्षर आले तर पुढचा आकडा झोताचा, ‘टीएस’ म्हणजे मेघगर्जना, ‘एसक्यू’ म्हणजे स्क्वॉल. स्क्वॉल हा शब्द सैलपणे वापरू नका: वाऱ्याचा वेग एकदम किमान १६ नॉट्सने वाढून २२ नॉट्स किंवा अधिक झाला आणि निदान एक मिनिट टिकला, तरच तो स्क्वॉल. ‘विजांच्या कडकडाटासह सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर’ अशी जिल्हावार सूचना आपण वाचतो, तेव्हा त्यामागे प्रामुख्याने डाउनड्राफ्टमधून सुटणारे हेच झोत अभिप्रेत असतात. अशी तात्काळ सूचना साधारण पुढच्या तीन तासांपुरती असते. सकाळची सूचना संध्याकाळी पुढे पाठवू नका.

७. वारा पोहोचतो ती काही मिनिटे

आता खिडकीत बसा आणि क्रम टिपा. आधी वारा पडतो, फीत सरळ लोंबते, उकाडा वाढल्यासारखा वाटतो. मग फीत हलते आणि नव्या दिशेला वळते. ही दिशा बहुतेक वेळा ढगाकडून तुमच्याकडे अशी असते. फोनवरचा दाब, जो या वेळेला रोजच्या सवयीप्रमाणे उतरत असायला हवा, तो वर जाऊ लागतो, कारण डोक्यावर जड गार हवेचा थर आलेला असतो. वाढ एक-दोन हेक्टोपास्कलची, मोठ्या वादळात त्याहून अधिकही असते. हवामान बिघडत असताना दाब चढतो, हे पाहून पुष्कळजण सेन्सर बिघडला असे समजतात. तो बिघडलेला नसतो. हीच ती मोलाची खूण. यानंतर कोरडा तापमापक काही मिनिटांत आठ-दहा अंशही उतरू शकतो, धुळीचा आणि ओल्या मातीचा वास येतो, आणि पहिले टपोरे थेंब त्यानंतर पडतात.

गस्ट फ्रंट ढगाच्या पुढे दहा-वीस किलोमीटरही जाऊ शकतो. म्हणून ‘पाऊस सुरू झाला की आवरू’ हा हिशोब चुकतो. खळ्यावरचे धान्य, शेडनेट, मांडवाचे कापड, गच्चीवरचे सैल पत्रे हे सगळे धुळीचा पट्टा दिसताच पाहायचे, आणि फलकाखाली, जुन्या झाडाखाली किंवा अर्धवट भिंतीच्या आडोशाला थांबायचे नाही. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीच्या वादळासह मोसमपूर्व पाऊस आला, तेव्हा घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ माणसे दगावली. फलक मंजूर मर्यादेपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि दोष निसर्गावर ढकलून चालणार नाही. पण वादळात माणसे आडोसा शोधत जिथे जमतात, तिथेच धोका असू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

८. वादळानंतर पडझड वाचणे

विजांचा आवाज थांबून अर्धा तास झाल्यावरच बाहेर पडा. पडलेली झाडे, विजेचे खांब, उडालेले पत्रे कोणत्या दिशेला पडले आहेत ते होकायंत्राने पाहून साध्या नकाशावर बाण काढा. बाण एका जागेपासून बाहेर पसरत असतील, तर तो डाउनबर्स्ट असण्याची शक्यता मोठी. अरुंद पट्ट्यात बाण एकमेकांकडे वळलेले किंवा गुंतलेले असतील, तर फिरणाऱ्या वाऱ्याचा विचार करावा.

ही रीत टेड फुजिता यांची आहे. मूळचे जपानी असलेले हे शास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात काम करत. १९४५ मध्ये त्यांनी नागासाकी व हिरोशिमा इथली अणुबॉम्बने झालेली हानी पाहिली होती, आणि स्फोटाच्या मध्यापासून बाहेर पडलेल्या झाडांचा आकृतिबंध त्यांच्या लक्षात राहिला होता. एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत झालेल्या टॉर्नेडोंच्या मोठ्या उद्रेकानंतर विमानातून पाहणी करताना काही जंगलांत त्यांना तसाच आकृतिबंध दिसला. पुढच्या वर्षी २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे ६६ क्रमांकाचे विमान गडगडाटी वादळात कोसळले आणि ११३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याचा अभ्यास करून फुजिता यांनी डाउनबर्स्टची कल्पना मांडली. सुरुवातीला अनेकांना ती पटली नाही. १९७८ आणि १९८२ च्या क्षेत्रीय प्रयोगांत रडारने अशा घटना पुन्हा पुन्हा टिपल्यावर वाद मिटला.

विमानाला यातून होणारा धोका मुळात आडव्या पसरण्याचा आहे. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, ते वर उचलले जाते आणि वैमानिकाला इंजिनाची शक्ती कमी करावीशी वाटते. लगेच खाली दाबणारी हवा येते, आणि पाठोपाठ मागून वारा लागून पंखांची उचल घटते. जमिनीजवळ हे सारे इतक्या थोड्या वेळात घडते की सावरायला उंचीच उरत नाही.

९. नोंद लिहिणे

नोंदीत पाहिलेले आणि अनुमान केलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नका. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत:

‘दु. १.३० कोरडा ३९, ओला २३. दु. ४.०५ दाब ९४३.२, उतरता. ४.१८ नैर्ऋत्येला धुळीचा पट्टा. ४.२६ फीत फिरली: आधी वारा पश्चिमेकडून, आता नैर्ऋत्येकडून. ४.२९ दाब ९४४.६. ४.३३ कोरडा २८. ४.३७ पहिले थेंब. अनुमान: नैर्ऋत्येकडील ढगाचा आउटफ्लो. डाउनड्राफ्ट प्रत्यक्ष पाहिलेला नाही.’

शेवटचे वाक्य लिहायला संकोच वाटतो, पण तेच नोंदीला विश्वासार्ह करते. ‘डाउनबर्स्ट’ हा शब्द पडझडीचे बाण बाहेर पसरलेले दिसल्याशिवाय लिहू नका. ‘ढगफुटी’ तर वाऱ्यासाठी कधीच नाही. तासाला १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस लहानशा क्षेत्रात पडला तरच हवामान विभाग तो शब्द वापरतो.

पहिली सर ओसरली म्हणून वही मिटू नका. पसरलेल्या गार हवेच्या कडेवर गरम हवा उचलली जाते आणि तिथे नवा ढग उगवतो, बहुधा पहिल्यापासून थोड्या अंतरावर, जिथे अजून पाऊस झालेला नसतो. दाबाचा आलेख आणखी तासभर चालू ठेवा, दामिनीवर विजांच्या ठिणग्या कोणत्या बाजूला सरकत आहेत ते पाहा, आणि ओल्या तापमापकाची बाटली पुन्हा भरून ठेवा.